कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती धर्मसेवकांचे वाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागातील आणि वर रत्नागिरीपर्यंतच्या फादरांना, पाळकांना, धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टरांना आणि रविवार शाळेच्या शिक्षकांना आम्ही काही वर्षांपासून पुस्तके वाचायला देत आहोत. सगळा व्याप एका लोखंडी कपाटाचा आणि एका नोंदवहीचा आहे. पुस्तक न्यायला येणारा प्रत्येक जण थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून काढली. या उत्तरांत आमची मते आहेत आणि ती लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही. सर्व पंथांना चालेल असा एक शब्द हवा होता म्हणून येथे ‘धर्मसेवक’ म्हटले आहे. कॅथलिक वाचकाने तो शब्द धर्मगुरू असा आणि प्रोटेस्टंट वाचकाने पाळक असा वाचावा.

नुकतीच नेमणूक झाली आहे आणि पैसे थोडे आहेत. आधी कोणती पुस्तके घ्यावीत?

आम्ही बायबलचा अर्थ उलगडणाऱ्या एखाद्या जाडजूड इंग्रजी टीकाग्रंथाचे नाव सांगू, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. आम्ही मात्र आधी मराठी पुस्तकेच काढून देतो. बायबलची दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे, आपल्या पंथाचे उपासनेचे आणि गीतांचे पुस्तक आणि एक चांगला मराठी शब्दकोश एवढे जवळ असले तर पहिले वर्ष निभावून जाते. याचे कारण असे की आपल्यापैकी बहुतेकांचे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण पुण्यात किंवा मुंबईत, प्रामुख्याने इंग्रजीतून झालेले असते. गावी परतल्यावर विचार इंग्रजीत सुचतो आणि तोंडून मराठी येते, आणि या दोहोंच्या मधे कोठेतरी ‘कृपा’, ‘तारण’, ‘करार’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या कानावरून नुसते निघून जातात.

शब्दकोशांपैकी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अवश्य पाहावा. तो १८३१ मध्ये प्रथम छापला गेला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात कोकणातल्या बोलण्यातले कितीतरी शब्द नोंदलेले आहेत, आणि जे शब्द आपण घरगुती म्हणून प्रवचनातून गाळतो तेच तेथे मानाने बसलेले दिसतात. तो कोश इंटरनेटवर विनामूल्य चाळता येतो. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज निघाले ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये या देशात आले तेव्हा मराठी शिकण्यासाठी काही काळ आपल्याच हर्णैला जाऊन राहिले होते, हे येथे सहज आठवले.

बायबलचे कोणते मराठी भाषांतर वापरावे?

उपासनेत आपल्या मंडळीने किंवा धर्मप्रांताने मान्य केलेले भाषांतरच वाचावे, त्यात स्वतःची हुशारी चालवू नये. तयारीसाठी मात्र दोन-तीन भाषांतरे शेजारी शेजारी उघडून ठेवावीत. मराठीत ही परंपरा जुनी आहे. विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि संपूर्ण नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांनीही नव्या कराराचे भाषांतर केले आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या एका कवीचा कान या मजकुराकडे कसा वळतो हे त्यातून कळते.

रविवारच्या उताऱ्याची तयारी करताना तो आधी प्रचलित भाषांतरात मोठ्याने वाचावा, मग दुसऱ्यात वाचावा, आणि जेथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तेथे पेन्सिलीने खूण करावी. प्रवचनाचा विषय बहुधा त्या खुणेपाशीच सापडतो. टीकाग्रंथ त्यानंतर उघडावा.

टीकाग्रंथ परदेशी परिस्थितीवर लिहिलेले असतात. कोकणात त्यांचा काय उपयोग?

चांगला टीकाग्रंथ परदेशी परिस्थितीवर नव्हे, पहिल्या शतकातील पॅलेस्टाईनवर लिहिलेला असतो, आणि ती परिस्थिती कोणत्याही युरोपीय शहरापेक्षा आपल्या किनाऱ्याला जवळची आहे. याचा अनुभव आम्हांला एका बैठकीत आला.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी जाळ्याचा दाखला आहे. आपल्या भाषांतरात तेथे केवळ ‘जाळे’ हा शब्द येतो, पुढच्या-मागच्या सर्व ठिकाणीही ‘जाळे’च येते, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला सगळी जाळी सारखी वाटतात. ग्रीक मजकुरात तसे नाही. मार्कच्या पहिल्या अध्यायात शिमोन आणि अंद्रिया जे जाळे फेकतात ते गोल, हाताने फेकायचे, म्हणजे आपला पाग. मत्तय १३:४७ मधला शब्द ‘सागेने’ असा आहे, आणि त्याचा अर्थ लांबलचक ओढजाळे. एका तरुण पाळकाने हे इंग्रजी टीकाग्रंथात वाचून मालवणच्या एका कुटुंबात सांगितले, तेव्हा घरातले आजोबा म्हणाले, “म्हणजे रापण रे ती!” मग त्यांनीच बाकीचे समजावून दिले. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत जायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि मग आळीतले लहानथोर दोन रांगांत उभे राहून ते ओढतात. ओढताना कोणता मासा आत आला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. जाळे पुळणीवर आल्यावर सगळे खाली बसतात, आणि चांगली मासळी टोपल्यांत जाते, निरुपयोगी ती बाजूला पडते. दाखल्यात नेमके हेच शब्द आहेत : किनाऱ्यावर ओढले, बसून चांगले ते भांड्यांत जमा केले, वाईट ते फेकून दिले. आजोबांनी त्यावर आणखी एक भर घातली, जी आम्हांला कोणत्याही टीकाग्रंथात आढळलेली नाही : जाळे पाण्यात असताना निवडानिवड करायला जो जाईल तो दोर सोडेल, आणि दोर सुटला की सगळीच मासळी गेली. मंडळीत कोण चांगला आणि कोण वाईट हे आजच ठरवायला निघालेल्यांसाठी यापेक्षा नेमके भाष्य आम्हांला माहीत नाही.

त्याच आजोबांनी पुढे विचारले की गालीलच्या समुद्रात भरती-ओहोटी किती असते, आणि पाळकाला उत्तर देता आले नाही. ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद, समुद्रसपाटीपेक्षा २०० मीटरहून अधिक खोल असलेले. लूक त्याला सरोवरच म्हणतो, बाकीचे तिघे शुभवर्तमानकार समुद्र म्हणतात. भोवतीच्या डोंगरांतून वारा एकदम खाली उतरतो म्हणून तेथे वादळ अचानक उठते. १९८६ मध्ये दुष्काळामुळे पाणी मागे हटले तेव्हा त्या सरोवराच्या गाळात पहिल्या शतकातील एक होडी सापडली, आठ मीटरांहून थोडी लांब आणि सव्वादोन मीटरांहून किंचित रुंद. ती पहिल्यांदा दिसली तीही दोघा मच्छीमार भावांनाच. मच्छीमार वस्तीत प्रवचन करणाऱ्याने एवढी माहिती जवळ ठेवलीच पाहिजे. समोर बसलेल्यांना पाण्याविषयी आपल्यापेक्षा अधिक कळते, आणि आपण चुकलो तर ते काही बोलत नाहीत, फक्त ऐकणे थांबवतात.

तेव्हा टीकाग्रंथ घ्यावा, पण तो एकट्याने खोलीत बसून संपवू नये. त्यातले एखादे पान घेऊन कोणाच्या तरी ओटीवर जावे.

प्रवचन कसे करावे यावर कोणते पुस्तक सर्वांत उपयोगी आहे?

आमच्या कपाटात या विषयावर सर्वांत जास्त पुस्तके आहेत आणि सर्वांत कमी वाचली जातात तीही हीच. नव्या पुस्तकांपेक्षा तीन जुनी आम्ही पुढे करतो.

पहिले संत ऑगस्टीनचे, नवशिक्यांना धर्मशिक्षण कसे द्यावे याविषयीचे, सुमारे इ. स. ४०० मधील. ते छोटेसे आहे आणि एका तक्रारीवरून लिहिले गेले : कार्थेजचा देवग्रासियस नावाचा डीकन, म्हणजे साहाय्यक धर्मसेवक, कळवतो की तेच तेच शिकवून आपलाच कंटाळा येतो. ऑगस्टीन त्याला रागवत नाही. ऐकणारा जांभया देऊ लागला तर काय करावे हेही तो सांगतो, आणि त्यात एक सूचना अशी आहे की उभा राहून दमलेल्याला बसायला द्यावे. दुसरे पोप ग्रेगरी पहिले यांचे, सुमारे ५९० मधील, मेंढपाळाच्या कर्तव्यांविषयीचे. त्याच्या तिसऱ्या भागात श्रोत्यांच्या जोड्या एकामागून एक येतात : गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि दुःखी, बोलके आणि घुमे, एकाला लागू पडणारा उपदेश दुसऱ्याला कसा अपाय करतो हे तो दाखवत जातो. हे पुस्तक सलग वाचण्याचे नाही, रोज एक जोडी वाचावी. तिसरे त्या मानाने कालचेच. पोप फ्रान्सिस यांच्या २४ नोव्हेंबर २०१३ च्या ‘इव्हान्जेली गौदियुम’ या पत्रातील १३५ ते १५९ हे परिच्छेद प्रवचन आणि त्याची तयारी यांवरच आहेत, आणि १५४ व्या परिच्छेदात प्रवचनकाराने लोकांकडेही कान द्यावा असे म्हटले आहे. प्रोटेस्टंट पाळकांनीही हे परिच्छेद वाचावेत असे आम्ही आग्रहाने सांगतो.

प्रवचन किती वेळ असावे हा प्रश्न नेहमी जोडून येतो. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये आठ मिनिटांहून अधिक बोलू नका असे सांगितले होते. आमच्याकडच्या काही मंडळ्यांत आठ मिनिटांत प्रस्तावनाही संपत नाही. आम्ही मिनिटे ठरवून देत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली सकाळी दहा वाजता उपासना असेल तर ती आपोआप ठरतात.

इंटरनेटवर तयार प्रवचने मिळतात. ती वापरण्यात काही गैर आहे का?

वाचण्यात गैर नाही, आणि ज्याला तीन गावांत उपासना घ्यायची आहे त्याची अडचण आम्हांला कळते. पण तयार प्रवचनात दाखले उसने असतात आणि उसना दाखला लगेच ओळखू येतो. देवगड तालुक्यातील एका चर्चमध्ये आम्ही बर्फाच्या वादळात हरवलेल्या शेतकऱ्याची गोष्ट ऐकली आहे. सांगणाऱ्याने बर्फ पाहिलेला नव्हता आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो फक्त मासळीवर टाकायच्या पेटीत पाहिला होता. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता, मासेमारी बंद होती, होड्या झापांनी शाकारून ठेवलेल्या होत्या. हे सगळे दाराबाहेर असताना गोष्ट कॅनडातली होती.

म्हणून आमची सूचना अशी की मांडणी आणि माहिती खुशाल घ्यावी, दाखला मात्र घेऊ नये. दुसऱ्याचा विचार जसाच्या तसा घेतला तर त्याचे नाव सांगावे. लोकांना त्यात कमीपणा वाटत नाही. संगणकाने लिहून दिलेल्या प्रवचनांबद्दलही हल्ली विचारणा होते, आणि आमचे उत्तर तेच आहे : तो संगणक आपल्या मंडळीतल्या कोणाच्याही मयतीला गेलेला नाही.

कॅथलिक लेखकाचे पुस्तक प्रोटेस्टंट पाळकाला चालते का, आणि उलट?

चालते. कॅथलिक मिस्सेचे, म्हणजे मुख्य उपासनेचे, रविवारचे वाचन १९६९ पासून तीन वर्षांच्या चक्रात चालते, त्यात एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक हे मुख्य शुभवर्तमान असते. त्याच धर्तीवर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मिळून १९९२ मध्ये आपले सामाईक वाचनचक्र तयार केले. त्यामुळे कित्येक रविवारी फादर आणि पाळक एकाच उताऱ्याशी झटत असतात. एकाच गावात असे दोघे असतील तर त्यांनी शुक्रवारी चहाला भेटावे. संस्कार, पोपचे स्थान, मरियेविषयीची शिकवण या बाबतीत मतभेद आहेत आणि ते पुस्तके बदलून मिटणारे नाहीत. तेवढी प्रकरणे आपल्या पंथाच्या पुस्तकातूनच वाचावीत.

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आजच्या कामाला उपयोगी पडते, की ते केवळ अभिमानाने मिरवायचे?

अभिमान बाळगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडलेले असते, हे खरे आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि उरलेले सगळे आयुष्य येथेच राहिला. त्याचे ओवीबद्ध पुराण गोव्यातील राशोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. ओव्या जवळजवळ अकरा हजार आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांकडून जुनी पुराणे काढून घेतली गेली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काहीच दिलेले नव्हते. ती मागणी लोकांकडून आली आणि तिच्यातून हे पुस्तक झाले. आम्हांला त्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते. परदेशातून आलेल्या माणसाने आधी लोकांना काय ऐकायची सवय आहे हे पाहिले आणि मग आपले सांगणे त्या चालीवर बसवले.

आज संपूर्ण पुराण वाचणे कठीण आहे, कारण भाषा चारशे वर्षांपूर्वीची आहे आणि तीत कोकणीचे मिश्रण आहे. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये निघाली. ती एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळते. नाताळाच्या सुमारास ख्रिस्तजन्माच्या आणि प्रायश्चित्तकाळात दुःखसहनाच्या ओव्या मोठ्याने वाचून पाहाव्यात. मालवणी बोलणाऱ्या आजीला त्यांतले काही शब्द आपल्यापेक्षा लवकर कळतात.

रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे काय वाचावे?

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, म्हणजे ते आपल्याच मातीतले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून मराठी प्रोटेस्टंट मंडळी आजही गाते. प्रवचनाच्या शेवटी इंग्रजीतून उचललेल्या सुभाषितापेक्षा टिळकांच्या अभंगाची एखादी ओळ कितीतरी खोल जाते, कारण ती लोकांना चालीसकट पाठ असते. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

पण एकच पुस्तक न्यायचे असेल तर लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ न्यावे. ते १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला ते आत्मचरित्र म्हणून ठाऊक आहे. आम्ही ते पाळकाच्या घराविषयीचे पुस्तक म्हणून देतो. पती ख्रिस्ती झाला आणि पत्नीने पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला, या मधल्या काळात घरात काय घडते, सोवळे कसे हळूहळू सुटते, धर्मसेवकाच्या उदारपणाचा खर्च स्वयंपाकघरातून कसा भागवला जातो, हे सेमिनरीत कोणी शिकवत नाही. धर्मांतरित कुटुंबाशी बोलायला जाण्यापूर्वी आणि स्वतःच्या पत्नीवर रागावण्यापूर्वी ते वाचलेले बरे. शिवाय हसूही येते, आणि या विषयावरच्या पुस्तकांत ते फार विरळा.

कथा-कादंबऱ्या आणि कविता वाचण्यात वेळ घालवावा का?

घालवावा. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये धर्मगुरूंच्या घडणीत साहित्याचे स्थान या विषयावर स्वतंत्र पत्रच लिहिले, आणि त्यात त्यांनी तरुणपणी अर्जेंटिनातील सांता फे येथील शाळेत साहित्य शिकवल्याची आठवण सांगितली आहे : मुलांना नेमलेला जुना ग्रंथ नको होता, स्पॅनिश कवी लोर्का हवा होता. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे, जयवंत दळवी, चिं. त्र्यं. खानोलकर यांनी कोकणातील माणूस जितका आतून दाखवला आहे तितका कोणत्याही समुपदेशनाच्या पुस्तकात सापडणार नाही. भीती, भावकी, शाप, जमिनीचा वाद ही सगळी ओझी घेऊनच माणूस रविवारी बाकावर येऊन बसतो.

घरभेटींसाठी मार्गदर्शन कोठे मिळेल?

रिचर्ड बॅक्स्टर या इंग्लिश पाळकाचे ‘द रिफॉर्म्ड पास्टर’ हे १६५६ मधील पुस्तक अजून मागे पडलेले नाही. त्याच्या मंडळीत आठशेहून अधिक कुटुंबे होती. तो आणि त्याचा साहाय्यक आठवड्यातले दोन दिवस देऊन पंधरा-सोळा कुटुंबांशी बोलत आणि वर्षभरात सर्वांपर्यंत पोहोचत. भाषा फार कडक आहे आणि अर्ध्या पुस्तकात तो पाळकांनाच झोडपतो. तो भाग भराभर वाचला तरी चालेल.

आपल्याकडे हिशेब वेगळा बसवावा लागतो. कित्येक घरे कुलूपबंद असतात, माणसे मुंबईत, आखातात किंवा जहाजावर असतात, आणि मे महिन्यात, गणपतीच्या सुट्टीत किंवा नाताळात एकदम गाव भरतो. त्या दिवसांत बैठका आणि कार्यक्रम ठेवण्याऐवजी घरोघर जावे. एरवी जी घरे उघडी असतात त्यांत एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरे अधिक, आणि तेथे बॅक्स्टरच्या प्रश्नोत्तरांपेक्षा तासभर बसणे उपयोगी पडते.

आत्महत्या, व्यसन किंवा घरातील अत्याचार अशा प्रसंगी कोणते पुस्तक वाचून जावे?

तातडीच्या वेळी पुस्तक शोधू नये. पुढील गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात.

मन खचलेल्या माणसाला ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. बालकांसाठी १०९८ आहे. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शक्यता वाटली तरी पोलिसांना कळवणे हे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. ‘घरातले प्रकरण घरात मिटवू’ असे म्हणण्याचा अधिकार धर्मसेवकाला नाही, मग समोरचे कुटुंब कितीही प्रतिष्ठित असो. कॅथलिक पापनिवेदनाच्या गुप्ततेचा प्रश्न वेगळा आहे. तो प्रसंग ओढवण्यापूर्वीच आपल्या वरिष्ठांशी आणि वकिलाशी बोलून समजून घ्यावा.

आत्महत्या केलेल्याचा अंत्यविधी नाकारायचा असतो, अशी समजूत जुन्या लोकांत अजून आहे. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत तशी तरतूद होती. १९८३ च्या संहितेत नकाराच्या कारणांतून ती वगळली गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २२८३ वा परिच्छेद अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे स्पष्ट सांगतो. हा परिच्छेद मराठीत उतरवून खिशात ठेवावा असे आम्ही सर्वांना सांगतो, कारण दफनभूमीच्या दारात वाद सुरू झाल्यावर जाडा ग्रंथ उघडून दाखवता येत नाही. अशा घरात विलापाची स्तोत्रे वाचावीत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि एका आईने आम्हांला सांगितले की त्या आठवड्यात ऐकवलेल्या सगळ्या वचनांपैकी तेवढेच तिला खोटे वाटले नाही.

मी स्वतःच थकलो आहे, वाचावेसे वाटत नाही.

मग वाचू नये. थोडे बरे वाटल्यावर स्पर्जनच्या ‘लेक्चर्स टू माय स्टुडंट्स’मधील धर्मसेवकाच्या खचून जाण्यावरचे व्याख्यान वाचावे. लंडनमध्ये हजारोंपुढे बोलणारा हा माणूस स्वतः वारंवार उदासीने ग्रासलेला असे, आणि बसून बसून शरीर कसे बिघडते, मोठ्या यशानंतर मन कसे कोसळते, हे तो लपवाछपवी न करता सांगतो. झोप उडाली असेल किंवा जेवण जात नसेल तर मात्र डॉक्टरांकडे जावे, स्पर्जन नंतर.

इंग्रजी कच्चे आहे. मग ही इंग्रजी पुस्तके कशी वाचावीत?

दोघांनी मिळून वाचावीत. ज्याचे इंग्रजी बरे आहे त्याने पान वाचून मराठीत तोंडी सांगावे आणि दुसऱ्याने प्रश्न विचारावेत. या व्यवहारात इंग्रजी कच्चे असलेलाच अधिक उपयोगी ठरतो, कारण ‘म्हणजे काय?’ असे तोच विचारतो आणि सांगणाऱ्याला उसना शब्द टाकून मराठी शब्द शोधावा लागतो. ग्रेगरी आणि ऑगस्टीन यांची एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्यांचे इंग्रजी अवजड आहे, नवी भाषांतरे विकत घेता आली तर ती घ्यावीत. पोपची पत्रे व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर मिळतात. मराठी नियतकालिकांपैकी १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ आणि दिब्रिटोंनी दीर्घकाळ संपादन केलेले वसईचे ‘सुवार्ता’ यांचे जुने अंक कोणाच्या माळ्यावर पडले असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी आम्हांला दाखवावेत.

पुस्तके कशी मिळतात आणि पावसाळ्यात ती कशी सांभाळावीत?

नोंदवहीत नाव लिहून दोन पुस्तके नेता येतात. मुदत दोन महिन्यांची आहे. टपालाने पुस्तके आम्ही जून ते सप्टेंबर मागवत नाही. एका पार्सलातील सात पुस्तके भिजून एकमेकांना अशी चिकटली होती की ग्रेगरीचा शेवट आणि एका मुलांच्या गीतपुस्तकाची सुरुवात अजूनही वेगळी होत नाही.

खाऱ्या हवेत कागद लवकर फुगतो. पुस्तके बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत, कपाटात दाटीने खोचू नयेत, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच ठेवू नयेत, कारण आतल्या दमटपणामुळे तेथे बुरशी अधिक धरते. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळवून मगच ठेवावा. ओला पाला ठेवल्याने पानांवर पडलेले डाग आमच्याकडे पाहायला मिळतील. पाऊस उघडला की पुस्तके पंख्याखाली उभी करून पाने सुटी करावीत, थेट उन्हात घालू नयेत. कसर लागलेले पुस्तक परत आणताना ते वेगळे गुंडाळून आणावे आणि तसे सांगावे. न सांगता कपाटात ठेवून गेलेल्या एका ग्रंथाने गेल्या वर्षी शेजारच्या तीन पुस्तकांच्या बांधण्या खाल्ल्या.